कटिंगच्या टेबलाभोवतीची पंधरा मिनिटे

सदाशिव पेठेतल्या आमच्या छापखान्यात मला धरून ९ माणसे काम करतात. दर सोमवारी सर्वांना ऑफिसात बोलावून कामाचा आढावा घेण्याची वडिलांची पद्धत मी अनेक वर्षे तशीच चालू ठेवली होती. मी बोलत असे, बाकीचे उभे राहून ऐकत असत, आणि शेवटी ‘कोणाला काही अडचण?’ असे विचारल्यावर कोणीच बोलत नसे. सारे सुरळीत चालले आहे, असा मी त्या शांततेचा अर्थ लावत होतो.

एका लग्नसराईत ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या जाड आर्ट कार्डावर आम्ही ६०० पत्रिका छापल्या आणि घडी घालताच प्रत्येक पत्रिकेच्या घडीवर शाई तडकून पांढरी रेघ उमटली. जाड कागदाची घडी त्याच्या तंतूंना, म्हणजे ग्रेनला, समांतर घालावी लागते; आडवी घातली की वरचा थर फुटतो. कागद वाचावा म्हणून कटिंगचा जो हिशेब मी मांडून दिला होता, त्यात ग्रेन आडवा आला होता. सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या, परंतु त्या नुकसानापेक्षा बाइंडिंगच्या काकांचे बोलणे मला अधिक लागले. ते म्हणाले, ‘कापतानाच लक्षात आलं होतं, दादा. पण तुम्ही ठरवलेलं, म्हटलं असेल काहीतरी.’

तेव्हापासून सोमवारची बैठक बंद झाली. आता रोज सकाळी ९.४० ला, मशीन सुरू होण्याआधी, आम्ही कटिंगच्या टेबलाभोवती उभे राहतो आणि ९.५५ ला आपापल्या जागी जातो. जागा बदलल्याने पुष्कळ फरक पडला, कारण ऑफिसात बोलणारा एकटा मालक असतो, तर टेबलापाशी कागद, प्रूफ आणि जॉब कार्डे, म्हणजे प्रत्येक कामाच्या तपशिलाची कार्डे, प्रत्येकाच्या हाताशी असतात. बोलण्याची सुरुवात कामाच्या शेवटच्या टोकापासून होते: प्रथम डिलिव्हरीचा मुलगा, मग बाइंडिंग, मशीनमन, डीटीपी (संगणकावर पाने जुळवणारा मुलगा) आणि सर्वांत शेवटी मी. आधीच्या टप्प्यांवरच्या चुका शेवटच्या माणसाला निस्तराव्या लागतात, आणि मी एकदा मत दिले की त्याविरुद्ध बोलणे कोणालाही जड जाते, म्हणून हा क्रम मी कधीही मोडत नाही. अडचण आहे का, असेही मी आता विचारत नाही. कार्ड हातात देऊन ‘हे काम कुठे अडेल?’ एवढेच विचारतो.

जे ठरेल ते फळ्यावर काम, नाव आणि वेळ अशा तीन रकान्यांत लिहिले जाते. नावाच्या रकान्यात ‘आपण’ लिहायचे नाही, एका माणसाचे नाव लिहायचे. कोणाची कानउघाडणी, रजा किंवा उचल हे विषय तिथे निघत नाहीत.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी संयुक्त वर्क्स कमिटीची तरतूद होती आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, असेही म्हटले होते. आमच्यासारख्या छोट्या छापखान्यांना असे कोणतेच बंधन नव्हते, त्यामुळे कामगाराचे ऐकून घेण्याची व्यवस्था मालकाने स्वतःहून केली तरच होते, आणि ती करणे मी माझे कर्तव्य मानतो.

गणपतीनंतर दिवाळी अंकांची कामे अंगावर येतात, तेव्हा ही पंधरा मिनिटे वाचवण्याचा मोह होतो. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी घडीकाम करणाऱ्या मावशींनी १६ पानांच्या तिसऱ्या फर्म्याची (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालायच्या पानांच्या गटाची) डमी, म्हणजे नमुना घडी, टेबलावर उलगडली आणि पान ३९ च्या पाठीवर ४० ऐवजी ४२ येत असल्याचे दाखवले. डीटीपीच्या मुलाने लगेच संगणकावर जाऊन पाहिले. मावशींचे बरोबर होते, आणि छपाईची प्लेट अजून निघायची होती.