मथुरादास मिलमधली दोस्ती

आज लोअर परळची मीटिंग लवकर उरकली, म्हणून मथुरादास मिल कंपाउंडमध्ये उगाच चक्कर मारली. 'ब्लू फ्रॉग' हा लाइव्ह संगीताचा क्लब इथेच होता, २००७ ते २०१६. आशू फाटक, ध्रुव घाणेकर असे संगीतकारच काढणाऱ्यांत होते, त्यामुळे आवाजाची व्यवस्था चोख. शेजारी स्टुडिओ. बिअर मात्र आमच्या पगाराला झेपणारी नव्हती. एकाच ग्लासवर अख्खा गिग काढायचो.

पण खरी ओळख व्हायची ती बाहेर, चहा-सिगारेटच्या टपरीवर. आमचा बेस गिटारवाला तिथेच भेटला. वांद्र्याचा पोरगा, मराठी शाळेपुरती. मी कविता करतो म्हटल्यावर म्हणाला, "ऐकव की!" मी आजीच्या जात्यावरची ओवी म्हटली. तीन चरण लांब, चौथा तोकडा. हा पठ्ठ्या टपरीच्या फळीवर बोटांनी ताल धरून म्हणतो, "तो चौथा कापतोस ना, तिथे मी गप्प बसणार." अशी दाद मला कुठल्याच कविसंमेलनात मिळालेली नाही (आणि तिथे चहाही गार असतो).

आज त्याला गेटचा फोटो पाठवला. फोटोबद्दल अवाक्षर नाही. उलट नव्या बेसलाइनची व्हॉइस नोट आणि खाली, "शनिवारपर्यंत शब्द दे रे."