तुम्ही विचारलंत म्हणून: १९२३ धरायचं की नाही?

एरेदियातल्या आमच्या ऑफिसात कोणी नवं आलं आणि मी कार्ताहिनेसवाला, म्हणजे कोस्टा रिकातल्या कार्तागोच्या फुटबॉल क्लबचा चाहता, आहे हे त्याला कळलं, की आठवड्याभरात प्रश्न येतोच. "तुमच्या चार विजेतेपदांतलं ते १९२३चं खरंच धरायचं का हो?" पोट एरेदियात, जीव कार्तागोत, ऐकून घ्यावं लागतं.

तर धरायचं. का, ते मला नीट सांगता येत नाही.

कारण हा प्रश्न मीच तुमच्याहून आगाऊपणे विचारायचो. कोस्टा रिकाची लीग १९२१ची. एरेदियानो क्लब त्याच जूनमध्ये निघाला आणि पहिला विजेताही तोच. बारसं नि पदवीदान एकाच वर्षी! त्या सप्टेंबरात देशाचा संघ ग्वाटेमालाला गेला आणि एल साल्व्हाडोरला ७-०, यजमानांना ६-० असं धुऊन स्वातंत्र्यशताब्दीचा करंडक घेऊन आला. तोवर लीगमध्ये संघ मोजकेच. साप्रिसा क्लब तर १९३५ला जन्मला. याला का लीग म्हणायचं, हा माझा मुद्दा. आजही तो मला चुकीचा वाटत नाही.

पण २०१३ची ती रात्र. मी कार्तागोत ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, त्या घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. इकडे कुत्र्यालाही अहो-जाहो करतात, तेही मला अहोच म्हणायचे. संध्याकाळी धुकं उतरलं की गुळाचं गरम पाणी माझ्यापुढे ठेवायचे. आमच्या घरची चव म्हणून मी दोन कप प्यायचो. अंतिम सामन्याची दुसरी लढत एरेदियात होती, एलादिओ रोसाबाल कोर्देरो यांच्या नावाच्या मैदानावर, म्हणजे एरेदियानोच्या एका संस्थापकाच्याच. सामना पेनल्टींवर गेला आणि आम्ही हरलो. १९४० नंतर एकही नाही, आणि आता हेही गेलं.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन आहेत आपल्याकडे."

आणि मी म्हणालो, "दोन म्हणा. १९२३ला समोर होतं कोण?"

का म्हणालो? हरल्याचा राग होता, तो कोणावर तरी काढायचा होता. शिवाय थोडं शहाणपण मिरवायचं होतं, हेही खरं. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी भांडी विसळत होती, तो आवाज थांबला.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझे वडील तेव्हा मैदानाच्या कडेला उभे होते. १९१०च्या मे महिन्यात भूकंपाने हे गाव झोपलं, तेव्हा ते चार वर्षांचे होते. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेला पोरगा तेरा वर्षांनी गावाबरोबर नाचला. समोर कोण होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही." टीव्ही बंद केला आणि झोपायला गेले. माझा कप तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला हवी होती. मी हवामानावर बोललो.

६ जुलै २०२२ला आलाहुएलात, तिथल्या संघाच्याच मैदानावर, आम्ही विजेते झालो. ८१ वर्षांनी. आजोबा नव्हते. कार्तागोच्या रस्त्यावर लोक चार बोटं दाखवत होते, आणि चौथं बोट १९२३ धरल्याशिवाय उभंच राहत नाही. मीही चार दाखवली. तेव्हा मला मुद्दा आठवलासुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आठवला.

आता तुम्ही लगेच म्हणाल, १९२३ धरलं तर १९२१ आणि १९२२ही धरा, ती दोन्ही एरेदियाची. धरावीच लागतील. एवढंच मला अजून पचत नाही, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा एरेदियावाला ते रोज जेवताना काढतो.