‘स्प्लिंटर सेल’ आजच्या पीसीवर: आधी सावल्या जमवा, मग खेळा

लपतछपत खेळायचा हेरगिरीचा गेम, पहिला ‘स्प्लिंटर सेल’, युबिसॉफ्ट माँट्रियलने नोव्हेंबर २००२मध्ये एक्सबॉक्सवर आणला आणि २००३च्या सुरुवातीला तो पीसीवर आला. नायक हेर सॅम फिशर, त्याला मायकल आयर्नसाइडचा खर्जातला आवाज, डोक्यावर तीन हिरवे दिवे. आज तो विंडोज १०-११वर इन्स्टॉल होतो, सुरूही होतो, आणि इथेच लोक फसतात. गेम चालतोय असं वाटतं, पण त्यातल्या निम्म्या सावल्या गायब असतात. या गेममध्ये सावली ही शोभेची गोष्ट नाही. गार्डला तुम्ही दिसता की नाही, हे तिच्यावर ठरतं. त्यामुळे नव्याने खेळायला घेतला तेव्हा मी पहिली मोहीम उघडण्याआधी सगळा वेळ सावल्यांवरच दिला, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

बिघाड नेमका काय आहे ते आधी समजून घ्या. पीसी आवृत्तीत सावल्या काढण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘शॅडो बफर’ ही पूर्ण पद्धत त्या काळच्या एनव्हिडियाच्या जीफोर्स ३ आणि जीफोर्स ४ टीआय कार्डांसाठी होती, एक्सबॉक्सवरही तीच. ‘शॅडो प्रोजेक्टर’ ही साधी पद्धत बाकीच्या कार्डांसाठी. नव्या कार्डांवर आणि ड्रायव्हरवर शॅडो बफर नीट चालत नाही. दिवा जळताना दिसतो, पण त्याच्यासमोरच्या जाळीची सावली जमिनीवर पडत नाही, नाहीतर उजेड भिंतीतून आरपार येतो. मग कोपऱ्यातला लाइट मीटर (सॅम किती उजेडात आहे ते दाखवणारी पट्टी) ‘अंधार’ म्हणतो आणि डोळ्यांना भगभगीत उजेड दिसतो. अशा अवस्थेत खेळणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

यावर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे डीजीव्हूडू २. जुन्या डायरेक्टएक्सच्या सूचना नव्या कार्डाला समजतील अशा करून देणारं हे मोफत साधन आहे. त्याआधी एक काम: गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करून त्यात टाका. सेटिंगच्या आयएनआय फाइल गेमच्याच ‘सिस्टिम’ फोल्डरमध्ये असतात. विंडोजने तिथे लिहायला मज्जाव केला तर केलेले बदल टिकत नाहीत आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही.

डीजीव्हूडूच्या झिपमध्ये ‘एमएस’ फोल्डर आहे, त्याच्या आत ‘एक्स८६’. गेम ३२-बिटचा, म्हणून तिथलीच ‘डी३डी८.डीएलएल’ उचलायची, ६४-बिटच्या फोल्डरमधली घेतली तर काम होणार नाही. ही फाइल आणि डीजीव्हूडूचं कंट्रोल पॅनल, दोन्ही ‘सिस्टिम’ फोल्डरमध्ये, ‘स्प्लिंटरसेल.ईएक्सई’च्या शेजारी ठेवा. मुख्य फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण गेम सुरू होतो तो ‘सिस्टिम’मधून. मग तिथूनच कंट्रोल पॅनल उघडा आणि वरच्या बाजूला चालू फोल्डर निवडण्याचं बटण दाबा. हे बटण विसरलं की सेटिंग भलत्याच ठिकाणी सेव्ह होतात आणि गेम त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ‘काहीच फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

डायरेक्टएक्सच्या टॅबमध्ये कार्ड म्हणून ‘जीफोर्स ४ टीआय ४८००’ निवडा. समोर कोणतं कार्ड आहे ते पाहून गेम सावलीची पद्धत ठरवतो, म्हणून ही निवड महत्त्वाची. अँटी-अलियासिंग बंदच ठेवा. कडा गुळगुळीत करण्याच्या मोहात ती सक्तीने चालू केली की सावल्या पुन्हा बिघडू शकतात, आणि सगळी खटपट ज्यांच्यासाठी केली त्याच हातच्या जातात. वॉटरमार्क मात्र पहिल्या वेळी चालू राहू द्या. गेम उघडल्यावर खाली उजवीकडे डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं तर फाइल लागू झाली. नसेल दिसत तर ती चुकीच्या जागी आहे. खात्री झाली की वॉटरमार्क काढून टाका. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, मी ६०वर बांधून ठेवला. या काळातल्या गेमना मोकाट फ्रेमरेट मानवत नाही.

मूळ चित्र ४:३चं आहे, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर सॅम आडवा फुगलेला दिसतो. त्यासाठी थर्टीनएजी यांचा वाइडस्क्रीन फिक्स आहे. तो डीजीव्हूडू तपासून झाल्यावरच टाका. दोन्ही एकदम टाकले आणि पडदा काळा झाला, तर दोष कोणाचा ते शोधत बसावं लागतं.

आता परीक्षा. सुरुवातीचं प्रशिक्षण सोडून पुढे पळू नका, कारण उजेड-अंधार तपासायला त्याच्यासारखी जागा नाही. दिव्यासमोर उभे राहा, कॅमेरा फिरवा. सॅमची सावली भिंतीवर पडली पाहिजे; मध्ये कठडा असेल तर त्याचे पट्टे सॅमच्या पाठीवरून सरकताना दिसले पाहिजेत. तो हळूहळू पट्ट्यांतून पुढे जातो तसा लाइट मीटरचा काटाही हलतो. डोळे आणि मीटर एकच सांगू लागले की काम झालं. ब्राइटनेस वाढवू नका. अंधार काळाच हवा. त्याच्यासाठी नाइट व्हिजन दिलेलं आहे.

खेळताना पीसीवरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे माउसचं चाक. त्याने चालण्याचा वेग टप्प्याटप्प्याने कमी-जास्त होतो. गार्डच्या मागून जाताना चाक तळाला नेऊन, वाकून चाला. फुटलेल्या काचेवर किंवा लोखंडी जाळीवर तर नक्कीच. कालिनाटेकच्या मोहिमेत भिंतीवरचे सुरुंग लागतात, तिथे हेच चाक जीव वाचवतं. अगदी सावकाश जवळ जायचं, दिवा हिरवा असताना निकामी करायचा. लाल असताना हात लावला की संपलं.

नेम धरायची घाई इथे चालत नाही. पिस्तूल काढल्याबरोबर निशाणाच्या रेषा फाकलेल्या असतात. स्थिर उभं राहिलं की त्या जवळ येतात, आणि तेव्हाच गोळी सांगितलेल्या जागी जाते. चालता चालता दिव्यावर झाडलेली गोळी बाजूच्या भिंतीत घुसते, गार्ड सावध होतो. गोळ्या मोजक्याच मिळतात, म्हणून स्विच असेल तिथे दिवा हाताने बंद करा. पुढे एससी-२०के रायफल मिळते, तिच्यातून रिंग एअरफॉइल (जीव न घेता बेशुद्ध करणारी कडी) डोक्यावर मारा. अंगावर लागला तर गार्ड नुसता धडपडतो आणि उठून ओरडतो. लँग्लीमधल्या सीआयए मुख्यालयात कोणालाही मारायचं नाही, एक जीव गेला की मोहीम रद्द. तिथे एअरफॉइल आणि स्टिकी शॉकर (चिकटून विजेचा झटका देणारा) राखून वापरावे लागतात.

सगळ्यात जास्त लोक जिथे वैतागतात ती गोष्ट देहांची. गार्डला बेशुद्ध केलं, आजूबाजूला कोणी नाही, तुम्ही दोन दारं पुढे गेलात आणि अचानक अलार्म. हा बिघाड नाही. ठरावीक टप्पा ओलांडला की गेम मागे पडलेले देह तपासतो. उजेडात राहिलेला देह ‘सापडला’ असं धरतो, मग तिथे गार्ड असो वा नसो. म्हणून प्रत्येक देह खांद्यावर घेऊन काळ्याकुट्ट कोपऱ्यात टाका, आणि टाकण्याआधी तिथे उभे राहून लाइट मीटर बघा. मीटर तळाला असेल तरच ती जागा चालेल. सावल्या बिघडलेल्या असताना हे पाहताच येत नाही. अंधारात ठेवलाय असं वाटतं आणि गेमच्या हिशेबी तो उजेडात असतो. बऱ्याच मोहिमांत तीन अलार्मनंतर खेळ संपतो, काहींत पहिल्यालाच.

एक्सबॉक्सवर ठरलेल्या चेकपॉइंटवरच सेव्ह होतं; पीसीवर हवं तिथे करता येतं. पण एकाच क्विकसेव्हवर विसंबू नका. देह मागे उजेडात राहिलेला असताना सेव्ह केलं, तर तो अलार्म प्रत्येक लोडनंतर वाजणारच. प्रत्येक मोठ्या दारापाशी वेगळा स्लॉट घ्या, आणि मोहिमेच्या सुरुवातीचा स्लॉट शेवटपर्यंत पुसू नका.

डिफेन्स मिनिस्ट्रीच्या मोहिमेत काचेच्या लिफ्टमधलं बोलणं बाहेरून लेझर माइकने (काचेवर किरण रोखून दुरून ऐकण्याचं यंत्र) ऐकायचं आहे. लिफ्ट हलती असते, म्हणून माइक तिच्याबरोबर सरकवत राहावा लागतो. सर्चलाइटचा झोत फिरून येण्याआधी उभं राहण्याची जागा निवडून ठेवा, आणि माउसची संवेदनशीलता तेवढ्यापुरती कमी करा. नेम सुटला की बोलणं तुटतं आणि सेव्हपासून पुन्हा यावं लागतं.