आशियाई ट्रॅक अँड फील्ड निकालवही, ठाणे: सांगाडा उभा, आता घड्याळ आणि वारा

आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धांचे सगळे निकाल आपण या वहीत एकत्र करतो आहोत. १९७३ च्या मरिकिनापासून (फिलिपिन्स) २०२५ च्या गुमीपर्यंत (दक्षिण कोरिया) प्रत्येक स्पर्धेचं पान आता उघडून झालं आहे. पहिली अडचण क्रमांकांचीच निघाली. हांगझोऊची २०२१ ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली, पण तिचा चोविसावा क्रमांक पुढच्या स्पर्धेला दिला गेला नाही. बँकॉक २०२३ पंचविसावी ठरली आणि गुमी सव्विसावी, मैदानात मात्र स्पर्धा झाल्या पंचवीसच. म्हणून वहीत प्रत्येक स्पर्धेची ओळख वर्ष आणि शहर मिळून लिहायची. नुसतं शहर पुरत नाही, कारण जकार्ता तीनदा येतं (१९८५, १९९५, २०००). पहिली स्पर्धा काही याद्यांत मरिकिनाच्या नावावर आहे, काहींत मनिलाच्या. मनिलात १९९३ आणि २००३ ला पुन्हा स्पर्धा झाल्या, त्यामुळे घोळ वाढतो. दोन वर्षांचं अंतरही गृहीत धरू नका: १९७५ च्या सोलनंतर थेट १९७९ चं टोकियो, आणि २००२ च्या कोलंबोनंतर लगेच २००३ चं मनिला.

भारतातल्या दोन स्पर्धांची आगाऊ बातमी आणि प्रत्यक्ष ठिकाण जुळत नाही. २०१३ ची आधी चेन्नईला ठरली होती, झाली पुण्यात बालेवाडीला. २०१७ ची रांचीहून भुवनेश्वरला गेली. स्पर्धेआधीच्या बातमीवरून ठिकाण कधीच भरू नये.

कात्रणं चाळणाऱ्यांसाठी: आपली वृत्तपत्रं ‘आशियाई स्पर्धा’ एवढंच लिहून मोकळी होतात आणि एशियाडचे (एशियन गेम्स या वेगळ्या, अनेक खेळांच्या स्पर्धेचे) निकाल इकडे घुसतात. पी. टी. उषाची पाच सुवर्णं (१००, २००, ४०० मीटर, ४०० मीटर अडथळा, ४×४०० रिले) जकार्ता १९८५ ची, म्हणजे आपल्या वहीतली. चार सुवर्णं आणि १०० मीटरचं रौप्य हे सोल १९८६ चं, ते एशियाड. ही दोन वर्षं एकमेकांत मिसळलेल्या याद्या फार फिरतात.

आता कोष्टक. हा भाग नीट वाचाच, कारण बहुतेक चुका इथेच होतात. ८:२०.९२ असं टाइप केलं की एक्सेल त्याला घड्याळातली वेळ समजतं. म्हणून सगळ्या वेळा सेकंदांत ठेवायच्या. गुमीतली अविनाश साबळेची स्टीपलचेसची (३००० मीटर अडथळ्यांची शर्यत) सुवर्णवेळ ५००.९२, वुहान २०१५ मधली ललिता बाबरची ५७४.१३. दुसरा धोका शेवटच्या शून्याचा. स्वयंचलित वेळ दोन दशांशांत असते, हातघड्याळाची एकाच. २३.१० लिहिलं की एक्सेल २३.१ दाखवतं आणि स्वयंचलित वेळ हातघड्याळाची वाटू लागते. सेलचं स्वरूप दोन दशांश ठेवलं तर उलटी चूक होते, हातघड्याळाचं २३.१ हे २३.१० होऊन बसतं. त्यामुळे मूळ छापील आकडा मजकूर म्हणून एका रकान्यात, सेकंदांतली संख्या दुसऱ्यात आणि घड्याळाचा प्रकार तिसऱ्यात. तिन्ही हवेत.

हातघड्याळाच्या वेळेत १०० आणि २०० मीटरला ०.२४ आणि ४०० मीटरला ०.१४ मिळवून तुलना करण्याची पद्धत आहे. ती फक्त क्रमवारी लावताना वापरा. मिळवलेली बेरीज मूळ रकान्यात गेली की पुढचा माणूस तिलाच निकाल समजतो, आणि असे आकडे नंतर वेचून काढणं अशक्य होतं.

वाऱ्याचंही तसंच. रकाना रिकामा असणं म्हणजे वारा ०.० नव्हे. नोंद मिळाली नसेल तिथे ‘ना’ लिहा, नाहीतर चाळणी लावताना ती वेळ सरळ वैध ठरते. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची २.० मीटर प्रतिसेकंदाची मर्यादा १०० व २०० मीटर, १०० व ११० मीटर अडथळा, लांब उडी आणि तिहेरी उडीला लागते. मर्यादेबाहेरच्या वाऱ्यात मिळवलेलं पदक कायम राहतं, विक्रम मात्र धरला जात नाही. म्हणून पदक आणि विक्रम यांचे रकाने वेगळे केले आहेत.

भालाफेकीची यादी सलग लावू नका. पुरुषांच्या भाल्याची रचना १९८६ ला बदलली आणि महिलांच्या १९९९ ला, त्यामुळे आधीची आणि नंतरची अंतरं तुलनेची नाहीत. पुरुषांत जकार्ता १९८५ पर्यंत एक यादी, सिंगापूर १९८७ पासून दुसरी. महिलांत फुकुओका १९९८ नंतर रेघ. नीरज चोप्राचे भुवनेश्वरचे ८५.२३ मीटर नव्या यादीत येतात.

बदललेल्या निकालांना दोन वेगळी चिन्हं ठेवली आहेत. भुवनेश्वरमध्ये महिलांच्या ८०० मीटरला अर्चना आढाव पहिली आली, पण धक्का दिल्याच्या तक्रारीवरून बाद झाली आणि सुवर्ण श्रीलंकेच्या निमाली वालिवर्षाला गेलं. तो शर्यतीचा निर्णय. दोहा २०१९ मध्ये याच शर्यतीत गोमती मारिमुतूचं सुवर्ण उत्तेजक चाचणीनंतर रद्द झालं. तो निर्णय स्पर्धा संपल्यावर बऱ्याच काळाने आला, त्यामुळे त्या वेळच्या छापील पदकतालिका आजच्या निकालाशी जुळत नाहीत. जुनी ओळ खोडायची नाही. तिच्यावर चिन्ह करून खाली सुधारित क्रम लिहायचा.

नावांसाठी नियम ठरला: फिलिपिन्सची धावपटू लिडिया डी वेगा ‘डी’ खाली, लग्नानंतरचं मर्काडो हे आडनाव जोडलेलं असलं तरी तिथेच. उषा ‘उ’ खाली.

कात्रणांच्या स्कॅनला ४०० डीपीआय ठेवा. फिकट शाईत १ आणि ९ सारखेच दिसतात. ११.६४ चं ९९.६४ झालं तर लगेच खटकतं, २३.१५ चं २३.९५ झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक आकडा दोघांनी स्वतंत्रपणे भरायचा आणि फरक असेल तिथे मूळ कागद पाहायचा. ठाण्याच्या पावसाळ्यात कात्रणं प्लास्टिकच्या पाकिटात घट्ट बंद केली की आत दमट राहून बुरशी धरते. कागदी पाकिटात, सिलिका जेलसह, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

पुढचं काम कुवेत १९८३ आणि जकार्ता १९८५ च्या वाऱ्याच्या नोंदी. त्यानंतर रिलेतल्या चारही धावपटूंची नावं. प्राथमिक फेरीत आणि अंतिम फेरीत संघ बदललेला असतो, तेव्हा दोन्ही लिहा.