तुम्ही विचारलंत म्हणून: अजून क्लेमेंटीच का?

"मॅडम, हा क्लेमेंटी कधी संपणार?" असं पालक विचारतात. क्लेमेंटी म्हणजे मोझार्टच्या काळातला इटालियन पियानोवादक आणि रचनाकार, त्याच्या रचना मी मुलांना शिकवते. ज्यांनी थोडं वाचलेलं असतं ते पुढे म्हणतात, "मोझार्टनेच त्याला यंत्र म्हटलंय ना?" पुण्यात पियानो शिकवायला लागल्यापासून मी याची उत्तरं दारात उभ्या उभ्या देत आले आहे. परीक्षेला लागतो, बोटं तयार होतात, मोझार्टला वेळ आहे. यातलं काही खोटं नाही, पण हे सांगून पालक निघून गेले की मला चुटपुट लागते. म्हणून आज सविस्तर सांगते.

क्लेमेंटीच्या ओपस ३६ चं (ओपस म्हणजे रचनांचा छापील क्रमांक) पुस्तक तुमच्या घरी आहेच, त्यातल्या सहा सोनाटिना, म्हणजे छोट्या सोप्या सोनाटा, तुम्ही भिंतीपलीकडून पाठ केल्या आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं काही सांगत नाही. सांगायचं आहे ते त्या 'यंत्रा'बद्दल.

२४ डिसेंबर १७८१, व्हिएन्ना. सम्राट दुसरा जोसेफ याच्याकडे रशियाचा राजपुत्र पावेल आणि त्याची पत्नी पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या करमणुकीसाठी सम्राटाने दोन वादक समोरासमोर बसवले. क्लेमेंटी २९ वर्षांचा, मोझार्ट २५ वर्षांचा. क्लेमेंटी व्हिएन्नात नवखा होता. दालनात त्याला एक झकपक कपड्यातला माणूस दिसला आणि तो दरबारातला कुणी मानकरी असेल असं त्याला वाटलं. बोलणं संगीतावर आलं तेव्हा दोघांना एकमेकांची ओळख पटली आणि आनंद झाला, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

आधी क्लेमेंटी वाजवायला बसला. त्याने बी फ्लॅट या स्वरातली सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) वाजवली आणि पाठोपाठ एक टोकाटा, म्हणजे बोटांची चपळाई दाखवणारी रचना. त्या टोकाटात उजव्या हाताला सा-ग, रे-म, ग-प अशा जोड्या एकत्र, अतिशय वेगाने वाजवायच्या असतात. एका हाताच्या पाच बोटांत हे सफाईने बसवणं किती कठीण आहे ते प्रयत्न करणाऱ्यालाच कळतं. मग मोझार्ट बसला. नंतर राजपुत्राच्या पत्नीने पाइझिएल्लो या इटालियन रचनाकाराच्या सोनाटा पुढे केल्या. त्यातले जलद भाग मोझार्टने वाजवायचे, संथ भाग आणि रोंडो (मुख्य धून पुन्हा पुन्हा येणारे भाग) क्लेमेंटीने. शेवटी दोघांनी एकच धून घेऊन दोन पियानोंवर आयत्या वेळी विस्तार केला. त्यातला एक पियानो बेसूर होता आणि त्याच्या तीन पट्ट्या अडकत होत्या. सम्राट म्हणाला, असू दे. हे मोझार्टनेच वडिलांना लिहिलं आहे.

त्याच सुमारास, १२ जानेवारी १७८२ च्या पत्रात, तुमचं ते वाक्य येतं. क्लेमेंटीचा उजवा हात चांगला चालतो, त्या जोड्या हेच त्याचं बळ, बाकी दमडीची अभिरुची नाही की भावना नाही, नुसता यंत्रवत वाजवणारा. पुढच्या वर्षी आपली बहीण क्लेमेंटीच्या सोनाटा वाजवते म्हटल्यावर मोझार्ट आणखी चिडला. तुझा शांत, सारखा हात बिघडवून घेऊ नकोस, असा त्याने तिला निरोप दिला आणि सगळे इटालियन भोंदू असतात असंही लिहिलं. यातलं 'यंत्र' तेवढं तुम्ही मला ऐकवता.

आणि क्लेमेंटी? त्या रात्रीबद्दल त्याने १८०६ मध्ये लुडविग बर्गर या शिष्याला सांगितलं, की इतक्या चैतन्याने आणि इतक्या लालित्याने वाजवणारं मी तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मोझार्टच्या एका संथ भागाने तर तो भारावून गेला होता. एकाच रात्रीतून दोघे बाहेर पडले, एकाने हे सांगितलं आणि दुसऱ्याने ते लिहिलं.

तरुणपणी मी यावर तावातावाने भांडायचे. दहा वर्षांनी, १७९१ मध्ये, मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराच्या सुरुवातीला क्लेमेंटीच्या त्याच बी फ्लॅट सोनाटाची पहिली धून जवळजवळ तशीच येते. क्लेमेंटीनेही सोनाटाच्या पुढच्या आवृत्तीत छापून टाकलं, की ही १७८१ मध्ये सम्राटापुढे वाजवली तेव्हा मोझार्ट हजर होता. मी ते पान लोकांच्या नाकासमोर धरायचे. मोझार्टने साल्झबर्गची चाकरी नुकतीच सोडली होती, दरबारात आसरा हवा होता, परक्याची धास्ती वाटली, असंही म्हणायचे. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीचा राग मला आजही समजतो. पण मोझार्ट कसा होता हे सिद्ध करून क्लेमेंटीच्या बोटांत भावना होती की नाही, हे ठरत नाही. ती म्हणेल, मग पत्राने तरी कुठे ठरतं? तेही खरंच.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. क्लेमेंटीने बर्गरला त्याच बोलण्यात कबूल केलं, की त्या काळी त्याला झगमगीत वादनाचाच सोस होता, त्या जोड्यांचाच. गाणारा, भारदस्त ढंग त्याला पुढे आला, मोठमोठे गायक लक्ष देऊन ऐकल्यामुळे आणि इंग्लिश पियानो सुधारत गेल्यामुळे. म्हणजे १७८१ चा मोझार्ट अगदीच चुकीचं ऐकत नव्हता. आपल्याकडे म्हणतात तसं, गळ्यात तयारी होती, रंग अजून भरायचा होता.

त्या तयारीची किंमतही बघा. चौदा वर्षांचा असताना हा मुलगा रोममध्ये चर्चचा ऑर्गनवादक झाला. पीटर बेकफर्ड नावाच्या इंग्रज धनिकाने चांदीकाम करणाऱ्या त्याच्या बापाला पैसे देऊन त्याला सात वर्षांसाठी इंग्लंडमधल्या डॉर्सेटला नेलं. आईबाप जवळ नाहीत, भाषा येत नाही, दिवसच्या दिवस वाद्यापुढे बसायचं. अशा हातात आधी बोटं येणार आणि मग बाकीचं, याचं मला नवल वाटत नाही.

बाकीचं आलं, हे मात्र मी ठामपणे सांगते. १७९० ची एफ शार्प मायनर सोनाटा, ओपस २५ मधली पाचवी, ऐका. पियानोवादक होरोविट्झचं १९५४ चं ध्वनिमुद्रण आहे. मधला भाग इतका संथ, इतका मोकळा, की दोन स्वरांमधल्या जागेतही दुःख ऐकू येतं. आणि शेवटच्या भागात त्याच जोड्या परत येतात, मोझार्टने हिणवलेल्या. तिथे त्या मिरवत नाहीत, त्यांत आवेग आहे, अस्वस्थता आहे. तीच बोटं, तोच रियाज.

'ग्रादुस आद पार्नासुम' या त्याच्या मोठ्या पियानो-संग्रहाचंही तसंच आहे, त्यात नुसती बोटं नाहीत. १८१७ ते १८२६ मध्ये तीन भागांत आलेल्या या शंभर रचनांत फ्यूग आहेत, कॅनन आहेत (दोन्हीत एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफलेली असते), 'करुण दृश्य' अशा नावाची रचना आहे. पुढे ताउसिग या पियानोवादकाने त्यातल्या फक्त २९ बोटांच्या कसरती निवडून छापल्या आणि जगाने क्लेमेंटीला तेवढाच मानला. क्लेमेंटीला यंत्र म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा यंत्राचा भागच वेगळा काढला, असं मला वाटतं.

मग मुलांना थेट मोझार्टच का देत नाही? के. ५४५ ही सोनाटा (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) त्याने स्वतः नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवली आहे, हे मला माहीत आहे. पण त्यात प्रत्येक स्वर उघडा पडतो, दहा वर्षांचं मूल तिथे घाबरून ताठ होतं. सोनाटिनांत काही जागा कोरड्या आहेत, हे मी मुलांपासून लपवत नाही. तरी त्यात हात सैल सोडून एक वाक्य शेवटपर्यंत म्हणता येतं, आणि ते आधी यावं असं मला वाटतं. याबाबत माझ्याहून चांगले शिक्षक माझ्याशी सहमत नाहीत, त्यांचे विद्यार्थीही उत्तम वाजवतात.

एक गोष्ट मात्र माझी मलाच सुटत नाही. बदलाचं श्रेय देताना क्लेमेंटी गायकांचं नाव घेतो, पियानोच्या घडणीचं घेतो, मोझार्टचं घेत नाही. पण १७८७ मध्ये त्याने वेगवेगळ्या रचनाकारांच्या शैलीत लिहिलेल्या प्रास्ताविकांचं एक पुस्तक छापलं. हायडन आहे, कोझेलुख आहे, तो स्वतः आहे आणि मोझार्टही आहे. मोझार्टच्या नावाची ती पानं मी कित्येकदा वाजवली आहेत. कधी त्यांत त्या संथ भागाने भारावलेला माणूस सापडतो, कधी वाटतं, मलाही हे येतं एवढंच तो दाखवतोय.