वय वंदना कार्ड काढताना आणि वापरताना

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला आणि २९ ऑक्टोबरपासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डे मिळू लागली. नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या वयाच्या मंडळींत त्यानंतर दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की सरकारी कार्ड काढून ठेवावे, पण वेळ आली की कोणी विचारत नाही. दुसऱ्याचे असे की कार्ड हातात आले म्हणजे आता कोणत्याही दवाखान्यात जा, पैसे लागत नाहीत. माझे वय एकाहत्तर, यजमानांचे शहात्तर, आणि त्यांच्या प्रोस्टेटचे दुखणे त्याच हिवाळ्यात वाढल्यामुळे ही दोन्ही मते तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर आली.

अर्ज करण्यापूर्वी मी जे समजून घेतले ते आधी सांगते, कारण नोंदणी सोपी आहे आणि गोंधळ होतो तो त्याच्या अलीकडे. महाराष्ट्रात दोन योजना एकमेकींत मिसळून चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्याची. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांसाठी खुली होऊन तिची मर्यादाही पाच लाखांची झाली. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना केंद्राची, २०१८ पासूनची. तिच्यात पूर्वी ठरावीक यादीतील कुटुंबेच होती. वय वंदना कार्ड हे या केंद्राच्या योजनेतील नवे दालन आहे आणि त्यासाठी शिधापत्रिका लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरते.

पाच लाख हा आकडा प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. एका कुटुंबात सत्तरीवरील दोघे असतील, तर ते पाच लाख दोघांत मिळून असतात. मात्र जे कुटुंब आधीपासून केंद्राच्या यादीत आहे, तेथील सत्तरीवरील व्यक्तींना कुटुंबाच्या रकमेव्यतिरिक्त आणखी पाच लाखांचे संरक्षण मिळते आणि त्यात घरातील तरुण माणसांचा वाटा नसतो. देवळालीला राहणारे यजमानांचे एक मित्र सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना सोडून ही घ्यायची की नाही, हे ठरवावे लागले, कारण केंद्रीय कर्मचारी किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना दोहोंपैकी एकच निवडता येते. त्यांनी आपली जुनी योजना ठेवली आणि माझ्या मते योग्य केले, कारण तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. खासगी मेडिक्लेम असलेल्यांवर असे बंधन नाही. आमची पॉलिसी होती, तिचा हप्ता वर्षागणिक वाढत चालला होता आणि त्यावर तेव्हा अठरा टक्के जीएसटी वेगळा लागत होता. तरी ती आम्ही लगेच बंद केली नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडेपर्यंत हातचे सोडण्यात शहाणपण नव्हते.

नोंदणी आयुष्मान ॲपवर किंवा केंद्राच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. आधारला जोडलेला मोबाइल चालू असला, तर त्यावर येणाऱ्या ओटीपीवर काम भागते आणि माझे कार्ड तसेच निघाले. यजमानांच्या आधारला जोडलेला क्रमांक मात्र त्यांच्या कंपनीने दिलेला होता आणि निवृत्तीबरोबर तो गेला होता. भाच्याने जवळच्या सेवा केंद्रात नेऊन बोटांचे ठसे देऊन पाहण्याचे सुचवले. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाच्या अंगठ्याला रेषा उरलेल्या नसतात, हे यंत्राने त्या दिवशी वारंवार सांगितले. शेवटी चेहऱ्याची ओळख हा पर्याय घेतला. त्यासाठी मोबाइलवर आधारचे आणखी एक ॲप घ्यावे लागते, मग पडद्यावरील वर्तुळात चेहरा धरून पापण्यांची उघडझाप करायची असते. चष्मा काढला तर सूचना दिसत नाहीत आणि ठेवला तर काचेवर उजेड चमकतो, अशा पेचात भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही काही वाचू नका, मी मिटा म्हणालो की मिटा.’’ खिडकीकडे पाठ होती ती फिरवून तोंड केले, तेव्हा हिरवी खूण उमटली. पुढे पत्ता, पिनकोड, कुटुंबीयांची माहिती आणि आपण अन्य सरकारी आरोग्य योजनेचे लाभार्थी आहोत का याचे प्रतिज्ञापन भरले की अर्ज पुरा होतो. नोंदणीला शुल्क नाही.

खरे काम यानंतर सुरू झाले. त्र्यंबक रस्त्यावरील सिव्हिल हॉस्पिटलमध्ये योजनेचा कक्ष आहे हे ठाऊक असल्याने मी तेथे चौकशीला गेले आणि पिशवीतून दोन्ही कार्डे काढून मेजावर ठेवली. तेथील आरोग्यमित्र, म्हणजे योजनेत समाविष्ट रुग्णालयांत रुग्णांच्या मदतीसाठी नेमलेला कर्मचारी, माझ्या मुलाहूनही तरुण होता. तो म्हणाला, ‘‘आजी, कार्ड राहू द्या. डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते आधी दाखवा.’’ या एका वाक्यात त्या योजनेची सगळी रीत आहे असे मला वाटते. कार्ड तुम्हाला पात्र ठरवते. उपचार मिळतात ते निदान, तपासण्यांचे अहवाल आणि त्या उपचाराचे योजनेच्या यादीत असलेले नाव यांवर. शिवाय रुग्णालय योजनेत आहे एवढ्याने भागत नाही, ते कोणत्या विभागासाठी आहे हे पाहावे लागते. आमच्या घराजवळच्या एका रुग्णालयाबाहेर योजनेचा मोठा फलक आहे, पण चौकशी केल्यावर कळले की त्यांची मान्यता अस्थिरोगापुरती आहे. मूत्रविकाराची शस्त्रक्रिया तेथे पैसे भरूनच होणार होती. ‘कार्ड चालत नाही’ अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यातील बरीचशी येथून निघत असावी. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव असतात, तेही अगोदर विचारून घ्यावे. योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि विभाग निवडून रुग्णालयांची यादी पाहता येते; मी ती पाहिली, तरी प्रत्यक्ष फोन करून ‘हा विभाग सध्या चालू आहे ना’ असे विचारल्याशिवाय यजमानांना रिक्षात बसवले नाही.

आपत्कालीन प्रसंगी एवढे पाहत बसायला वेळ नसतो हे मी जाणते. आमचे दुखणे सावकाशीचे होते म्हणून हे जमले, आणि म्हणूनच घरात धडधाकट असताना ही यादी एकदा चाळून हृदयविकार, हाडे आणि मूत्रपिंड यांसाठी आपल्या भागात कोणते रुग्णालय आहे ते लिहून ठेवलेले बरे.

खर्चाबाबत एक गोष्ट आम्हाला आधीच कळली हे चांगले झाले. ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणीसाठी नाही. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील संबंधित तपासण्या आणि औषधे तिच्यात येतात. सोनोग्राफी आणि प्रोस्टेटसाठीची रक्ताची पीएसए चाचणी महिनाभर आधी झालेली असल्याने तो खर्च आमच्या खिशातून गेला. मात्र आजार जुना आहे म्हणून कोणी नाकारले नाही. मेडिक्लेमप्रमाणे येथे प्रतीक्षा काळ नसतो, पूर्वीचे सर्व आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. आमच्या वयात याहून मोठी सवलत मला दिसत नाही.

दाखल होतेवेळी ओळख पुन्हा पटवली जाते, रुग्णाचा फोटो काढला जातो आणि रुग्णालय अहवालांसह पूर्वमंजुरीचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवते. मंजुरी येईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ पक्की होत नाही, त्यामुळे उपाशी पोटी किती वाजेपर्यंत राहायचे हा प्रश्न यजमान परिचारिकेला सारखा विचारत होते. त्याच सुमारास हिशेबाच्या खिडकीवर एका चाचणीचे पैसे रोख भरण्यास मला सांगण्यात आले. मी भरण्याऐवजी तेथील आरोग्यमित्राला गाठले आणि ही मागणी लेखी मिळेल का असे विचारले. तो आत जाऊन आला आणि विषय संपला. योजनेखाली दाखल झालेल्या रुग्णाकडून मंजूर उपचारासाठी पैसे घेता येत नाहीत. असे घडल्यास केंद्राचा १४५५५ आणि राज्य योजनेचा १५५३८८ हे दोन क्रमांक आहेत. मला ते वापरावे लागले नाहीत, पण पिशवीत कागदावर लिहून ठेवले होते आणि खिडकीवरील गृहस्थांना तो कागद दिसला असावा.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. घरी येताना औषधे मिळाली, पंधरा दिवसांनंतरची तपासणी ठरली आणि किती रकमेचा दावा झाला हेही विचारून मी वहीत टिपले, कारण त्या वर्षातील उरलेली रक्कम माझ्याही वाट्याची आहे.

निफाड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या वन्संचे प्रकरण मात्र अडले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आधारवर जन्मतारीख १ जून १९५७ आहे. शाळेत लिपिक म्हणून जनरल रजिस्टर लिहिताना मी स्वतः ‘एक जून’चे कितीतरी वाढदिवस पाहिलेले आहेत, शाळेत नाव घालायला आलेल्या पालकांना तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच लिहीत. वन्सं तर शाळेतही गेलेल्या नाहीत, आधार काढताना कोणीतरी अंदाजाने ती सांगितली. वय वंदना कार्डासाठी वय आधारवरूनच धरले जाते आणि आधारवरील जन्मतारीख बदलायला पुरावा लागतो. जुन्या कोतवाल बुकात त्यांच्या जन्माची नोंद सापडते का, हे तहसील कार्यालयात पाहण्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. त्या फार खट्टू झाल्या होत्या. पण त्यांच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे आणि तिच्यावर राज्याच्या योजनेतून त्यांच्या कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आजही मिळते, हे पटवून दिल्यावर त्यांनी प्रथम बारा अंकी क्रमांकाची ती शिधापत्रिका ट्रंकेतून काढून आधारबरोबर एका पिशवीत ठेवली.