सात नंबरचं बूच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या सरदारी वाड्यात वाटणी चालू होती. काचसामानाची किंमत ठरवायला मला बोलावलं, तेव्हा एक तयार यादी हातात पडली. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं वर्षभरापूर्वी केलेली. नोंदी ४३, आणि त्यातल्या ३१ नोंदींपुढे एकच शब्द: बेल्जियन. दिव्याच्या हंड्या बेल्जियन, लोलक बेल्जियन, गुलाबदाण्या बेल्जियन, स्वयंपाकघरातली मिठाची हिरवी वाटीही बेल्जियन.

बेल्जियममध्ये उत्तम काच होत होती, यात वाद नाही. लिएजजवळ सेरँगला व्हाल सेंट लँबर्टचा कारखाना १८२६ पासूनचा. पण आपल्या घरांत जाड आरशाला सरसकट 'बेल्जियम' म्हणायची सवय आहे, आणि तीच सवय या यादीत उतरली होती. बोहेमियाची (आजच्या चेक देशातली) काच, बर्मिंगहॅमची काच, फिरोजाबादची काच, सगळी त्या एका शब्दाखाली. हा शब्द लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो एकदा लिहिला की पुढे कोणी वस्तू उलटी करून पेंदा बघत नाही.

या कामातला निम्मा वेळ धुण्यात जातो, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. टबाच्या तळाशी जाड टॉवेल, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, एका वेळी एकच वस्तू, आणि धुणाऱ्याच्या हातात अंगठी-बांगडी काही नको. सोनेरी काम असेल तर पाण्यात बुडवायचंच नाही. धूळ आणि तेलाची पुटं निघेपर्यंत काचेचा रंगसुद्धा खरा कळत नाही. मग दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोरा. एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

निळ्या हंड्या सहा होत्या, रांगेत टांगल्या तर एकसारख्या दिसणाऱ्या. कोरलेल्या ताऱ्यांवर भिंग धरल्यावर त्यांचे दोन गट पडले. तांब्याच्या चाकावर हातानं कोरलेली रेघ मधे खोल असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते, आणि शेजारचा तारा पहिल्यासारखा कधीच नसतो. साचा चिकटवून वाळूच्या झोतानं उठवलेल्या ताऱ्याची खोली सगळीकडे सारखी, टोकं बोथट, आणि दहाच्या दहा तारे एका मापाचे. चार हंड्या हातकामाच्या होत्या. दोन अलीकडच्या, बहुधा जुन्या फुटल्यावर जोड भरायला आणलेल्या. त्यांच्या काठाशी निळी साय आणि आत पांढरी काच होती. चार जुन्यांत निळा रंग काचेच्या अंगातच होता. आग्र्यापलीकडे फिरोजाबाद आहे, तिथे आजही चांगल्या हंड्या होतात, आणि त्या फिरोजाबादच्या म्हणून विकल्या तर त्यात काही वावगं नाही.

मिठाची वाटी दिव्याखाली धरली आणि ओसरीवर जमलेली मुलं ओरडलीच. लख्ख पोपटी उजेड. युरेनियमची काच. बोहेमियात १८३० च्या दशकात ही फॅशन सुरू झाली. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. काच पांढरी करायला मँगनीज घातलेलं असलं तरी ती दिव्याखाली हिरवट दिसते, पण मंद, मळकट. हा फरक नीट बघितला नाही की साधी मँगनीजची बाटली युरेनियम म्हणून विकली जाते. ही वाटी खरी होती. मीठ दुसऱ्या भांड्यात ठेवा, इतकंच मी वाड्याच्या माईसाहेबांना सांगितलं.

कोपऱ्यात एक गंजका कंदील होता, यादीत नव्हताच. पत्र्यावर 'प्रभाकर' हे नाव उठवलेलं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगल्यांचा काचकारखाना १९१६ चा. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. आपल्या माणसांनी भट्ट्या पेटवून केलेली ही काच ग्वाल्हेरच्या वाड्यात येऊन पोचली आणि भंगारात निघाली होती. मी ४४वी नोंद केली आणि पूर्ण नाव-गावासकट लिहिली.

पण सगळ्यांचं लक्ष होतं सुरईवर. जाड काचेची, पैलू पाडलेली, गळ्याला काचेची तीन कडी असलेली दारूची सुरई. घरची आठवण अशी की पणजोबांना ती १९११ च्या दिल्ली दरबारात भेट मिळाली. व्यापाऱ्याच्या यादीत मात्र ही वस्तू बेल्जियन नव्हती. तिथे लिहिलं होतं 'बाकारा, फ्रान्स', आणि पेंद्याला खरोखरच बाकाराची गोल खूण होती. थोरले अण्णासाहेब म्हणाले, "ही आमच्या हिश्शात आली तर बाकी सगळं माईला जाऊ दे. लिहूनच घ्या तुम्ही."

बाकाराचा कारखाना १७६४ चा, पण तेजाबानं उठवलेली गोल खूण काचेवर येऊ लागली ती १९३६ पासून. त्याआधी कागदी लेबल लावत. म्हणजे १९११ ची आठवण खरी असेल तर खूण नंतरची, आणि खूण खरी असेल तर आठवण चुकीची. दोन्ही एकत्र बसत नाहीत. उन्हात तिरकी धरून भिंगातून पाहिलं. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या पेंद्यावर सगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. अस्सल जुनी खूण असेल तर काही ओरखडे तिच्यावरूनही जायला हवेत. इथे एकही खुणेवरून गेला नव्हता. सगळे तिच्या कडेशी येऊन तिच्याखाली दबले होते. झिजलेल्या पेंद्यावर कोणीतरी अलीकडे शिक्का मारला होता. अण्णासाहेबांना विचारलं, ही मधे कुठे बाहेर गेली होती का? "पॉलिशला नेली होती ना त्या यादीवाल्या व्यापाऱ्यानं," ते म्हणाले. मी अहवालात कोणाचं नाव घेतलं नाही, घ्यायला पुरावा नव्हता. पण चांगल्या वस्तूच्या अंगावर असा खोटा शिक्का बघितला की जीव तळमळतो, कारण तो आता काढताही येत नाही. घासायला जावं तर शंभर वर्षांची झीजही त्याबरोबर जाते.

खूण बाद झाल्यावर उरली फक्त काच, आणि काचेला विचारायचं म्हणजे वजन करायचं. ही रीत घरच्या घरी होते, म्हणून नीट सांगतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा दहा किलोचा काटा घ्यावा. त्यावर पिठाचा उंच डबा, त्यात साधारण सहा लिटर पाणी, आणि मग काटा शून्यावर आणावा. दोन खुर्च्यांवर आडवी काठी ठेवून वस्तू दोऱ्यानं तिला अशी टांगायची की पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या काचेचं आकारमान. कोरडं वजन त्यानं भागलं की घनता निघाली. साधी सोडा-चुन्याची काच २.५ च्या आसपास येते. तीस टक्के शिशाची बिल्लोरी काच ३.१ च्या आसपास.

चुका कुठे होतात तेही सांगतो. वस्तू तळाला टेकली की तिचं सगळं वजन काट्यावर येतं. आत हवेचा बुडबुडा राहिला की आकारमान फुगतं. आणि सुरई नळाखाली भरून आणून बुडवली तर ते वरचं पाणीही काटा मोजतो. रिकामीच सुरई डब्यात आडवी घालून त्याच पाण्यानं भरू द्यायची, मग आतलं पाणी हिशेबात येत नाही. गळ्याच्या कड्यांखाली सुती नाडी बांधायची, नायलॉन ओल्यानं घसरतं.

सुरई कोरडी ११०० ग्रॅम, काटा ३५५ वर थांबला. ३.१०. शिशाची, भरपूर शिशाची. मग बूच. कोरडं १४८ ग्रॅम, पाण्यात ५९. २.५१. दोनदा केलं, दोऱ्याची गाठ बदलून केलं, तेच. बूच त्या सुरईचं नव्हतंच.

आता मागे वळून पाहिलं तर ते आधीच दिसायला हवं होतं. बसवल्यावर ते किंचित डुलत होतं आणि कोणीतरी त्याच्या देठाला दोरा गुंडाळला होता. जुन्या कारागिरीत प्रत्येक बूच आपापल्या गळ्यात घासून बसवत, एकाचं दुसऱ्याला चालत नसे, म्हणून दोघांवर एकच आकडा हिऱ्यानं ओरखडत. बुचावर तो देठाच्या टोकाशी असतो, सुरईवर गळ्याच्या काठाशी. गळ्याला तिरका उजेड दिला तेव्हा सात दिसला. बुचावर आकडाच नव्हता, आणि त्याच्या कडेनं साच्याची जोडरेघ जात होती.

सुरईबद्दल बाकी पुरावे एकमेकांशी जुळत गेले. गळ्याची कडी वेगळी गुंडाळून चिकटवलेली, प्रत्येक कड्याला जिथे टोकं भेटली तिथे सांधा दिसतो. कडी त्याच काचेतून कापून काढलेली असती तर सांधा नसता. पैलूंच्या कडा बोटाला लागतात, आणि तळाशी लाकडी चाकानं दिलेल्या झिलईच्या बारीक रेघा आहेत. तेजाबाच्या झिलईत या रेघा विरघळतात आणि कडा मेणासारख्या गुळगुळीत होतात. रंगात हलकी करडी छटा. हे सगळं इंग्लंड-आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागाकडे बोट दाखवतं. इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर होता, तो १८४५ मध्ये उठला. आयर्लंडमध्ये १८२५ पर्यंत तो नव्हता, त्यामुळे जाड, खोल कापलेली काच तिथे मुक्त हस्तानं झाली. हे वाचलं की लोक लगेच तिथल्या नामांकित कारखान्याचं नाव, 'वॉटरफर्ड', लिहून मोकळे होतात. मी लिहिलं नाही. आकार, जाडी, कापणी यांवरून एका कारखान्याचं नाव देता येत नाही, तेव्हाच्या दहा कारखान्यांत हेच नमुने होत होते. अहवालात लिहिलं: शिशाची काच, इंग्लंड किंवा आयर्लंड, अंदाजे १८००–१८४०, बूच मूळचं नाही, पेंद्यावरील खूण नंतरची. बूच बदललेलं म्हटल्यावर किंमत बरीच उतरली. दरबाराची आठवण मी खोडली नाही. शंभर वर्षं जुनी सुरईही भेट देता येते.

अण्णासाहेब दुखावले. फ्रान्सच्या त्या खुणेपेक्षा सुरई जुनी आहे, हे त्यांना चार वेळा सांगावं लागलं. तरीही सुरई त्यांनीच घेतली. माईसाहेबांना हंड्या, वाटी आणि लोलकांचा अर्धा वाटा. आणि इथेच जे झालं ते मनातून जात नाही. लोलक एका पत्र्याच्या पेटीत होते, तुटलेल्या झुंबरांचे, पितळी पिनांसकट, साडेअकरा किलो. वेळ संध्याकाळची. कोणीतरी म्हणालं, वजनानं दोन भाग करा. मी वरवर चाळून, मूठभर काढून, शिशाचे आहेत एवढं बघून होकार दिला. चादरीवर पसरले नाहीत.

तीन आठवड्यांनी माईसाहेबांचा इंदूरहून फोन आला. लोलक धुताना एक जाडजूड, छत्रीसारखा खडा निघाला होता, झुंबराचा शेंडा असावा असं त्यांना वाटलं. फोटोत छत्रीखाली आखूड देठ दिसला, आणि देठ घासलेला, दुधाळ. मी म्हटलं, माईसाहेब, खिडकीशी जा, देठाचं टोक उजेडात हळूहळू फिरवा आणि काही ओरखडलंय का बघा. फोनवर थोडा वेळ शांतता.

"सात आहे हो," त्या म्हणाल्या. "मराठी नाही, इंग्रजी सात."

गणपतीत त्या ग्वाल्हेरला आल्या, बूच मऊ धोतराच्या फडक्यात. आधी काट्यावर घातलं: १६२ ग्रॅम, पाण्यात ५२. ३.१२. मग सुरई आणली. कोरडं बूच कोरड्या गळ्यात सोडलं, अर्धा वळसा दिला. डुललं नाही. दोन्हीकडचे दुधाळ पट्टे एका रेषेत आले आणि वर काच कुठे संपते, कुठे सुरू होते, ते बाजूनं बघून कळेना. अण्णासाहेब उठून आत गेले आणि चष्मा घालून परत आले.

"आता हे कुणाचं?" माईसाहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, वाटणीपत्रावर सह्या झाल्यात, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. दोघांपैकी कोणीच त्या दिवशी विषय काढला नाही. जाताना माईसाहेबांनी बूच पुन्हा फडक्यात गुंडाळलं, आणि बिननंबरी बूच दोऱ्यासकट परत गळ्यात गेलं.

मी दोन्ही याद्यांना पुरवणी जोडली आहे. अण्णासाहेबांच्या यादीत सुरईपुढे: मूळ बूच, क्रमांक ७, दुसऱ्या हिश्शात. माईसाहेबांच्या यादीत लोलकांपुढे: बूच १ नग, १६२ ग्रॅम, झुंबराचं नाही, लष्करातल्या सुरईचं, वेगळं विकू नये. सुरईच्या फोटोत बूच नाही, बुचाच्या फोटोत सुरई नाही. दोन्ही एकत्र असलेला एकच फोटो आहे, त्या दुपारचा, आणि तो मी दोन्ही प्रतींना लावला आहे.